नऊ-वीसची गाडी आणि आग्रहाची तिकिटं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खिशात जुनी तिकिटं साठावीत तसे ते साठतात. एक दिवस शर्ट धुवायला टाकताना हात घालावा तर मूठभर निघतात, आणि कुठलं कधीचं ते आठवत नाही. काल गाडीत बाबूराव म्हणाले, "सर, तुमी एवढे शिकलेले. हे सगळं लिहून काढा की!"

मी म्हणालो, "मला जमेल असं वाटत नाही."

त्यावर गायकवाड गुरुजी म्हणाले, "तुम्हाला काहीच जमेल असं वाटत नाही, म्हणूनच तुम्ही अजून धडधाकट आहात."

या वाक्याचा अर्थ मी कालपासून लावतो आहे. तो लागेपर्यंत लिहून टाकतो.

गाडी म्हणजे आमची नगरची शहर बस. पाइपलाइन रोडवरून सकाळी नऊ वीसला सुटते आणि माळीवाड्याला जाते. तिच्यात आम्ही चौघं रोजचे. गायकवाड गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. बाबूराव शेटे मूळचे राहात्याचे, साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात हयात गेली. सिस्टर म्हणजे कुसुमताई पवार, माहेरच्या राजूरच्या. नोकरी संपली तरी गावातल्या एका दवाखान्यात अजून सकाळी दोन तास ड्रेसिंग करतात. आणि चौथा मी, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट मिळवली ती रांगेत थांबण्याच्या काळाचं गणित मांडून. गाडी चुकेल या भीतीने मी स्टॉपवर पाऊण तास आधी येतो. पहिल्याच ओळखीत बाबूरावांनी विचारलं होतं, "प्रबंध कशावर म्हणालात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का! मग प्रॅक्टिकल रोज इथंच करता वाटतं!"

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा मुलगा निखिल पुण्यात असतो. त्याची आई गेली तेव्हापासून त्याचं म्हणणं, मी त्याच्याकडे राहावं. घर अकराव्या मजल्यावर. तिथून खाली बघायची मला भीती वाटते, आणि वर बघावं असं काही नाही. शेवटी आमच्यात तह झाला. निखिल म्हणाला, "बाबा, स्कूटर तुम्ही सोडलीत. रिक्षात बसलात की दांडा धरून डोळे मिटता. दारात बस आहे तोवर राहा नगरला. ती बंद झाली की त्याच दिवशी बॅग भरायची."

मी हो म्हटलं. म्हणजे नऊ-वीस आहे तोवर नगर, ती गेली की अकरावा मजला.

*

सुरुवातीला कूपन होतं. पन्नास कुपनांचं पुस्तक चाळीसच्या भावात मिळायचं. पैसे आधी भरायचे, मग गाडीत रोज एक कूपन द्यायचं, ते कंडक्टरने फाडायचं. भाडं वाढणार अशी बोलवा उठली तेव्हा मी घरी बसून हिशेब मांडला. महिन्याला किती फेऱ्या, आजारपणाचे दिवस किती, पुण्याला जाणं-येणं किती. उत्तर आलं, दहा पुस्तकं.

खिडकीवर गेलो. आतल्या माणसाला म्हणालो, "दहा पुस्तकं हवीत. पण या कुपनांची मुदत किती?"

"मुदत नाही."

"तसं लेखी आहे का कुठे? नंतर कोणी म्हणालं की—"

तो माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. माझे केस, काठी, हातातली औषधांची पिशवी, सगळं त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "सर, कुपनाला मुदत नाही. तुमची तुम्ही बघा!"

मी दहा पुस्तकं घेतली. मागे बाबूराव उभे होते. संख्याशास्त्राचा माणूस दहा घेतोय म्हटल्यावर त्यांनी दहा घेतली. गुरुजींनी दहा, सिस्टरांनी दहा. आयुष्यात माझ्या गणितावर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

*

आमच्या गाडीच्या कंडक्टर मंदाताई, तिसगावच्या. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून सुटे पैसे शोधायला लागतो. त्यांना आमचा त्रास एकच होता, तो म्हणजे आग्रहाचा.

चहाच्या टपरीवर पैसे कोणी द्यायचे यावरून आपल्याकडे जी झोंबाझोंबी होते, ती आम्ही गाडीत कुपनांवरून करायचो. मंदाताई आल्या की चार हात पुढे. "चौघांची माझी घ्या!" "छे, काल तुम्ही दिलीत." "सिस्टर, तुमचा हात खाली करा." "मी का खाली करू?"

"ओ मंडळी," मंदाताई ओरडायच्या, "एकाचं धरते, बाकीच्यांनी बसून घ्या. मला दोनच हात हायेत!"

एकदा गुरुजींनी आम्हाला समज दिली. म्हणाले, "हे बरं दिसत नाही. उद्यापासून ज्याला द्यायची त्याने गुपचूप द्यावी. गाजावाजा नको."

दुसऱ्या दिवशी गाजावाजा झाला नाही. आरडाओरडा नाही, झटापट नाही. मला वाटलं गुरुजींनी दिली. गुरुजींना वाटलं सिस्टरांनी दिली. मंदाताईंना गडबडीत वाटलं की आधीच्या स्टॉपला फाडली. आणि दिल्ली गेटला चेकर चढला.

"तिकीट?"

मी गुरुजींकडे बोट केलं. गुरुजींनी सिस्टरांकडे. सिस्टरांनी बाबूरावांकडे. बाबूरावांनी माझ्याकडे.

चेकर एकेका बोटाच्या दिशेने बघत पुरा गोल फिरला.  काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंडातून निघून गेलं, "साहेब, मी डॉक्टरेट आहे."

"मग तुम्हाला तरी चार मोजता यायला पाहिजे होते!" चेकर म्हणाला. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "सव्वीस वर्षं तिकिटं तपासतोय. फुकटे लई बघितले. पण एकमेकांच्या भरवशावर फुकटे आज पहिल्यांदा बघतोय!"

मंदाताईंनी मध्ये पडून चार कुपनं फाडली. कोणाची फाडली, यावर माळीवाड्यापर्यंत पुन्हा वाद झाला.

*

मग कार्ड आलं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पण त्यासाठी वयाचा दाखला घेऊन कार्ड काढायचं. आम्ही चौघं मिळून गेलो. मी सात कागद नेले होते, प्रत्येकाच्या तीन प्रती. गुरुजी रिकाम्या हाताने आले.

खिडकीतला क्लार्क गुरुजींचाच विद्यार्थी निघाला. त्याने उठून नमस्कार केला, बसायला खुर्ची दिली आणि ओशाळून म्हणाला, "गुरुजी, तेवढा वयाचा पुरावा लागतो."

गुरुजी म्हणाले, "तुझ्या जन्माचा पुरावा मी दिला. आता माझ्या जन्माचा तू दे."

"ते खरं गुरुजी, पण तुम्ही माझी तारीख एक जून लावली. आई म्हणायची मी दिवाळीतला."

"अरे, दिवाळीत शाळेला सुट्टी असते," गुरुजी म्हणाले. "तेव्हा तुला लिहून घ्यायला कोण बसलं होतं?"

गुरुजी शेवटी घरी जाऊन दाखला घेऊन आले. त्यावरही एक जूनच होती. क्लार्कने ती वाचली, गुरुजींकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

*

कार्ड सोपं होतं. कंडक्टरच्या मशिनला टेकवायचं, की तिकिटाची पट्टी निघते. फक्त ते मशिन बोलायचं. बाईचा स्वच्छ, खणखणीत आवाज: "ज्येष्ठ नागरिक! सवलत मंजूर!"

बाबूराव दर पंधरा दिवसांनी केस काळे करतात. मिशीसुद्धा. परिटघडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्या दिवशी ते सिस्टरांना कारखान्यातली एक गोष्ट सांगत होते. गळीत हंगामाच्या मुहूर्ताला त्यांनी एकट्याने उसाची मोळी उचलली होती ती. गोष्ट अगदी रंगात आली होती. "तवा जसा होतो ना सिस्टर, आजबी तसाच हाय," असं म्हणत त्यांनी ऐटीत कार्ड पुढे केलं.

"ज्येष्ठ नागरिक! सवलत मंजूर!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. पुढे बसलेल्या कॉलेजच्या दोन मुली चटकन उठल्या. "आजोबा, बसा ना."

बाबूरावांचा चेहरा मिशीच्या रंगाचा झाला. "मंदाताई, या मशिनला हळू बोलता येत न्हाई का?"

"तिच्या कानात सांगून बघा," मंदाताई म्हणाल्या. "माजं तर ऐकत न्हाई."

सिस्टर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, "बाबूराव, कलप माणसांना दिसतो. मशिनला नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाबूराव परत कुपनांवर आले. सोबत म्हणून गुरुजी आले, सिस्टर आल्या. मी तर त्या कार्डाला आधीपासूनच भीत होतो. एकदा टेकवलं की दोनदा कापलं जाईल, न टेकवता जवळून गेलं तरी कापलं जाईल, असं मला वाटायचं. मी ते गोळ्यांच्या स्टीलच्या डबीत ठेवायचो. कुपनाला आवाज नव्हता, हे फार बरं होतं.

*

नंतर ॲप आलं. निखिलने पुण्याहून फोनवर शिकवलं. मला वाटलं, उच्चशिक्षित माणसाने मागे राहू नये. ॲपवरचं तिकीट काढल्यापासून तीस मिनिटं चालतं. मी काळजीपोटी घरूनच काढायचो आणि पाऊण तास स्टॉपवर थांबायचो. गाडी येईपर्यंत स्क्रीनवर लाल अक्षरं यायची.

मंदाताई फोन बघून म्हणायच्या, "सर, तिकीट गेलं. तुमी हायेत हे नशीब!"

चौथ्या दिवशी मी शहाणपणा केला. गाडी दिसल्यावरच तिकीट काढलं. घाईघाईतच काढलं. मंदाताईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. मी 'माळीवाडा ते पाइपलाइन रोड' असं काढलं होतं. उलट दिशेचं!

"आता काय?" मी विचारलं. "मी उतरतो. हे बेकायदेशीर होईल."

"बसा हो," गुरुजी म्हणाले. "पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसा. तिकीट बरोबर होईल."

गाडीत सगळे हसले. मी हसलो नाही, मी बसलो. एकदा मागे तोंड करून बसल्यावर मला खरोखरच थोडं हलकं वाटलं. पत्रकार चौकात ड्रायव्हर सय्यदभाईंनी आरशात बघून विचारलं, "सर, तिकडून गाडी आली तर सांगाल का?"

दुसऱ्या दिवसापासून मीही पुन्हा कुपनांवर. चौघांकडे मिळून अजून ढीगभर होती, आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे त्यांना मुदत नव्हती.

*

एका सोमवारी मंदाताई तिकीट मागायच्या आधीच आमच्याजवळ येऊन बसल्या. त्या गाडीत कधी बसत नाहीत.

"महिनाअखेरीपासून नऊ-वीस बंद," त्या म्हणाल्या. "हाफिसातून सांगितलंय. वीस तिकिटांच्या खाली असलेली फेरी काढून टाकायची. आपल्या फेरीला मशिनमधे पाचच मानसं दिसत्यात."

"पाच कशी?" सिस्टर म्हणाल्या. "आम्हीच चौघं आहोत."

"तुमचं कूपन मी फाडते नि पिशवीत टाकते. मशिनला काय कळतंय? मशिनच्या लेखी तुमी गाडीत नसताच."

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की जे मोजलं गेलं नाही ते नव्हतंच, असं समजू नये. आणि इथे पाचशे कुपनं घेऊन स्वतःलाच न मोजलेला करून बसलो होतो. माझ्या एका हिशेबापायी तिघंही.

त्या दुपारी बस चालवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. अकरा पानं, त्यात चार आलेख. मॅनेजरने पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "अक्षर सुरेख आहे तुमचं."

"पण मुद्दा—"

"मुद्दाही बरोबर असेल सर. पण मशिन सांगतं तेवढंच वर जातं. वीस दाखवा, गाडी राहील."

घरी येऊन मी माळ्यावरची बॅग खाली काढली. पुसली. कॉटवर ठेवली. पाच अधिक चार, नऊ. हे गणित कोणत्याही पद्धतीने केलं तरी नऊच येत होतं. मी दोनदा करून पाहिलं. मग स्वेटर बॅगेत ठेवला, कारण अकराव्या मजल्यावर वारा फार असतो. थोड्या वेळाने तो परत काढला.

*

मंगळवारी गाडीत चढलो. कुपनं कोणीच काढली नाहीत. कार्डही नाही. बाबूरावांनी पाकिटातून नोट काढली.

"मंदाताई, रोखीची चार द्या. फुल. चौघांची."

"अहो, मी काढणार होते," सिस्टर म्हणाल्या. "माझी चार घ्या."

"ज्येष्ठतेने माझा मान आहे," गुरुजी म्हणाले. "चार."

माझा हातही पुढे गेला होता. सवयीनेच गेला होता, हे मी शपथेवर सांगतो. "चार," मी म्हणालो.

नेहमीसारखं मंदाताई ओरडतील, एकाचं धरतील, बाकीचे हात खाली करायला लावतील, अशी मी वाट बघत होतो. मंदाताईंनी चौघांचे हात बघितले. कॉटवरच्या बॅगेची गोष्ट मी स्टॉपवर सिस्टरांना सांगितली होती. सिस्टरांनी ती त्यांना सांगितली असावी, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं आणि मशिनची कळ दाबायला सुरुवात केली. कर्र. कर्र. कर्र. पट्टी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली.

माळीवाड्याला उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज गर्दी बरी हुती."

बुधवारी तसंच. गुरुवारी बाबूरावांनी आठ मागितली. "उद्याचा आग्रह आजच करून ठेवतो," म्हणाले. मंदाताईंनी त्यांना दटावलं आणि चारच दिली. खोटं त्यांना चालत नाही.

*

शुक्रवारी दिल्ली गेटला चेकर चढला. तोच. आम्हाला बघून तो दारातच क्षणभर थबकला.

"मंदाबाई, मशिन बघू." त्याने आकडा वाचला. "एकवीस. वरून फोन आलाय, नऊ-वीसला एवढी मंडळी अचानक आली कुठून ते बघून या म्हणून." मग त्याने गाडीत माणसं मोजायला सुरुवात केली. बोट दाखवत, शेवटच्या सीटपर्यंत जाऊन, परत येऊन. कॉलेजच्या दोन मुली, एक भाजीवाल्या मावशी, एक वकील, एक बँकेतला शिपाई. आणि आम्ही.

"नऊ. बाकीचे बारा कुठायत?"

 सय्यदभाईंनी गाडी इतकी हळू केली की इंजिनसुद्धा ऐकतंय असं वाटलं.

चेकर माझ्यासमोर उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, तिकीट?"

मी मूठ उघडली. चार तिकिटं.

"यातलं तुमचं कोणतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी बोट केलं ते गुरुजींकडे. गुरुजींनी मूठ उघडली, चार तिकिटं, आणि बोट केलं सिस्टरांकडे. सिस्टरांनी बाबूरावांकडे. बाबूरावांनी माझ्याकडे.

चेकर पुन्हा पुरा गोल फिरला. मग त्याने बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं. जिभेला बोट लावून पानं उलटली. पुढून मागे, मागून पुढे. "कमी तिकिटांचं हाय," तो पुटपुटला. "जास्त तिकिटांचं कुठंच न्हाई."

त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. नऊ चाळीस. निखिल रोज ऑफिसात शिरताना करतो तो फोन. घाईत बोट चुकलं आणि स्पीकर लागला.

"बाबा, ॲपवर नोटीस बघितली. तुमची नऊ-वीस रिकामी जाते म्हणून बंद करतायत म्हणे. मग मी रविवारी गाडी घेऊन येतो. खरं सांगा, रिकामी जाते का ती?"

खोटं मला येत नाही.  गुरुजी छताकडे बघत होते. मंदाताई मशिन छातीशी धरून उभ्या होत्या. निखिल विचारत होता, "बाबा? बाबा, ऐकू येतंय का?"

चेकरने नियमांचं पुस्तक मिटलं. माझ्या हातातून फोन घेतला. घसा खाकरला.

"हॅलो, मी तिकीट चेकर बोलतोय. तुमच्या वडलांना आत्ता बोलता यायचं न्हाई. गाडीत लई गर्दी हाय. तुमी फोन ठिवा, मागच्यांना चढू द्या!"